दिवा लावला की काटा का हलतो?

मुंबईच्या कांदिवली उपनगरात, चारकोप भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान तयार झाले, हे तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी ते बांधले. सहा आसनांचे हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याला त्याच्या उड्डाणाची चाचणी झाली. घरी विमान बांधण्याचा हा छंद अमेरिकेत बराच जुना आहे. तेथे अशा मंडळींची संघटना १९५३ साली स्थापन झाली आणि हजारो घरगुती विमाने आज तेथे उडतात.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख येतात, एंजिन येते, पंखा येतो. तारा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. पण लहानशा विमानातही शेकडो जोड असतात. एंजिन सुरू करणारी मोटार, रेडिओ, पेट्रोल दाखवणारा काटा, तेलाचे तापमान दाखवणारा काटा, उतरताना लावायचा मोठा दिवा, पंखांच्या टोकांचे दिवे, या सर्वांना तारा जातात. कारखान्यात हे काम वेगळी माणसे करतात व तपासणारे आणखी वेगळे असतात. घरी विमान बांधणाऱ्याने मात्र ज्या हातांनी पंखाचे रिबेट ठोकले त्याच हातांनी तारा जोडायच्या असतात. मग एके दिवशी सगळे जोडून होते, तो बटण दाबतो, आणि काहीतरी चालत नाही! किंवा त्याहून वाईट म्हणजे, कधी चालते आणि कधी चालत नाही.

असा दोष शोधायचा कसा? त्यासाठी लागणारे शास्त्र तुम्ही शाळेत शिकलेलेच आहे. ओहमचा नियम, एवढेच ते शास्त्र. फक्त तो कोठे लावायचा हे कळले पाहिजे. पुष्कळ लोक नियम पाठ म्हणतात आणि दोष मात्र सुटे भाग बदलून शोधतात. दिवा बदलला, पेटला नाही. स्विच बदलला, पेटला नाही. बॅटरी बदलली, पेटला. चला, बॅटरीच वाईट होती! आठ दिवसांनी दिवा पुन्हा बंद. बॅटरी बदलताना तिच्या खांबावरचा सैल लग नकळत घट्ट झाला होता, एवढेच घडले होते.

परतीची वाट

प्रवाहाला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. हे वाक्य इतके साधे आहे की आपण ते विसरतो. मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचा ऋण खांब गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला असतो. दिव्याकडे एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे सांगाडा. आपले मिस्त्री याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात.

आमचे केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. टेकडीवरच्या गणपतीमुळे तुम्हाला ते नाव माहीत असेल. कापसाच्या दिवसांत संध्याकाळी या रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांचे दिवे नीट पाहा. पुष्कळ ट्रॉल्यांना ट्रॅक्टरवरून फक्त धन बाजूच्या तारा दिलेल्या असतात. परतीची वाट ट्रॉली अडकवलेल्या हुकाच्या पिनेतून! पिनेवर गंज, त्यावर ग्रीस, त्यावर धूळ. ट्रॉलीला हिसका बसला की दिवे लुकलुकतात. कधी याहून मोठी गंमत दिसते. ड्रायव्हर ब्रेक दाबतो आणि ब्रेकचा दिवा लख्ख पेटण्याऐवजी ट्रॉलीचा इंडिकेटर मंद पेटतो. असे का व्हावे? पिनेची वाट बंद झाली, म्हणून ब्रेकच्या दिव्यातून गेलेला प्रवाह ट्रॉलीच्या लोखंडातून इंडिकेटरच्या दिव्यात शिरतो, त्याच्या तारेतून उलटा ट्रॅक्टरकडे जातो आणि तेथल्या पुढच्या इंडिकेटरमधून ट्रॅक्टरच्या बॉडीला पोचतो. एकाऐवजी तीन दिवे एकसरीत आले, म्हणून सगळे मंद. ब्रेकच्या दिव्यात, इंडिकेटरच्या दिव्यात किंवा स्विचमध्ये, कशातच दोष नाही. दोष ज्या जागी आहे तेथे तार नाहीच, तेथे एक पीन आहे.

विमानातही हेच होते. ॲल्युमिनियमच्या विमानात सांगाड्याचा परतीसाठी उपयोग करता येतो. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो विजेला अडवतो. वर रंग असला तर बोलायलाच नको. म्हणून लग बसवण्याआधी जागा घासून चकचकीत करावी लागते. शिवाय ॲल्युमिनियम आणि तांबे एकमेकांना टेकले व त्यांत ओलावा शिरला की तेथे एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आज चांगला असलेला जोड दोन पावसाळ्यांनी वाईट होतो तो असा. लाकडी किंवा काचतंतूच्या विमानात तर सांगाडा निरुपयोगीच. तेथे प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते.

व्होल्टमीटर कसा फसवतो

समजा, आपल्या विमानातला १० वॉटचा एक दिवा पेटत नाही, किंवा पेटतो पण मंद. बॅटरी १२ व्होल्टची आहे. आपण दिवा काढतो आणि होल्डरच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावतो. तो १२ व्होल्ट दाखवतो. तेव्हा तारा ठीक, दिवाच वाईट, असे आपण ठरवतो. हे अनुमान चूक आहे.

जरा आकडे मांडू या. १२ व्होल्टवर १० वॉटचा दिवा म्हणजे त्याचा तापलेला रोध १४.४ ओहम. वाटेत कोठेतरी गंजलेला जोड आहे व त्याचा रोध ५ ओहम आहे असे धरा. दिवा लावलेला असताना एकूण रोध १९.४ ओहम आणि प्रवाह ०.६२ अँपिअर. म्हणजे जोडावरच ३.१ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्याला ८.९ व्होल्ट मिळतात. दिव्याची शक्ती १० वॉटवरून साडेपाच वॉटच्या आसपास येते. थंड तंतूचा रोध कमी असतो म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण दिवा मंद होणार हे नक्की.

आता दिवा काढून तेथे व्होल्टमीटर लावा. चांगल्या डिजिटल मीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. त्यातून जाणारा प्रवाह एका मायक्रोअँपिअरहून किंचित जास्त. एवढ्याशा प्रवाहाने ५ ओहमच्या जोडावर किती विभवांतर खर्च होईल? सहा मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाख भागांपैकी सहा! मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. तो खोटे बोलत नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारला. रस्ता चिंचोळा आहे की नाही हे रिकाम्या रस्त्याकडे पाहून कळत नाही, बाजाराच्या दिवशी कळते. म्हणून नियम असा: वाट तपासायची तर तिच्यातून नेहमीचा प्रवाह वाहत असतानाच तपासायची. दिवा लावलेला ठेवा, आणि मग मोजा.

तुम्ही म्हणाल, जोडाचा रोध सरळ ओहममीटरनेच का मोजू नये? ५ ओहम असेल तर मोजता येईल. पण एंजिन सुरू करणाऱ्या मोटारीचा विचार करा. लहान विमानाच्या या मोटारीला सुरू होताना २०० अँपिअरच्या घरात प्रवाह लागू शकतो. तिच्या वाटेवरच्या एका जोडाचा रोध फक्त ०.०१ ओहम असला तरी त्यावर २ व्होल्ट खर्च होतील आणि त्या इवल्याशा जागेत ४०० वॉट उष्णता निर्माण होईल. घरच्या इस्त्रीची शक्ती आठवा. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध एक-दोन दशांश ओहम असतो, त्याला ०.०१ ओहम काय दिसणार?

उपाय सोपा आहे. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या खांबाच्या शिशावर टेकवा आणि दुसरे त्याच खांबावर बसवलेल्या लगावर. दोहोंत अर्धा सेंटिमीटरही अंतर नाही. आता मोटार फिरवायला सांगा. मीटर जवळजवळ शून्य दाखवत असेल तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर चोर सापडला. याच रीतीने लगापासून तारेपर्यंत, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत पुढे सरकत जा. लांब तारेवर थोडे विभवांतर खर्च होणारच. समतोलासाठी बॅटरी पुष्कळदा शेपटीकडे ठेवतात. मग जाण्यायेण्याची मिळून ८ मीटर तार लागते. तिचे क्षेत्रफळ १६ चौरस मिलिमीटर धरले, तर तांब्याच्या विशिष्ट रोधावरून तिचा रोध ०.००८६ ओहम येतो आणि २०० अँपिअरला १.७ व्होल्ट तिच्यातच जातात. मग तार आणखी जाड का नाही घ्यायची? कारण या तारेतल्या तांब्याचेच वजन १.१५ किलोच्या आसपास होते, आणि विमानात प्रत्येक ग्रॅम उचलावा लागतो.

काटा हलतो तो का?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. वैमानिक संध्याकाळी उतरायच्या तयारीत आहे. तो उतरण्याचा दिवा लावतो, आणि त्याच क्षणी तेलाच्या तापमानाचा काटा हलतो. दिव्याचा आणि तेलाचा काय संबंध? एंजिन तर तेच, तेलही तेच.

संबंध परतीच्या तारेत आहे. बांधणाऱ्याने सोयीसाठी दिव्याची परतीची तार आणि तापमान मोजणाऱ्या यंत्राची परतीची तार एकाच लगाला जोडली आणि तेथून पुढे बॅटरीपर्यंत एकच तार नेली. या सामाईक वाटेचा रोध ०.०५ ओहम झाला आहे असे धरा. तापमानमापकाचा प्रवाह क्षुल्लक, त्याने काही बिघडत नाही. पण १०० वॉटचा दिवा सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेतो. ८ गुणिले ०.०५ म्हणजे ०.४ व्होल्ट. दिवा लावताच तो लग शून्यावरून ०.४ व्होल्टवर चढतो. तापमानमापक ज्याला शून्य समजत होता ते शून्यच वर उचलले गेले! नदीला पूर आल्यावर पाण्याच्या पातळीपासून पुलाची उंची मोजणाऱ्यासारखी त्याची स्थिती होते.

हे केवळ गमतीचे नाही. तापमान वाढल्याचे पाहून वैमानिकाने एंजिन निकामी होत आहे असे समजावे आणि घाईने शेतात उतरावे, किंवा पेट्रोलचा काटा भरपूर दाखवतो म्हणून तसेच पुढे जावे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. म्हणून जाणते लोक उपकरणांच्या परतीच्या तारा वेगळ्या ठेवतात आणि सगळ्या नेऊन बॅटरीजवळ एकाच जाड पट्टीला जोडतात. मोठ्या प्रवाहाची वाट आणि मोजणाऱ्याची वाट यांत एक सेंटिमीटरही सामाईक ठेवत नाहीत. रेडिओच्या कानगोष्टीत एंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू येत असेल, तर तिचे मूळही पुष्कळदा अशाच सामाईक वाटेत सापडते.

अर्धे अर्धे करीत

एका दिव्याच्या वाटेवर सोळा जोड आहेत आणि त्यांतला एक तुटला आहे. पहिल्यापासून एकेक तपासत गेलात तर नशीब वाईट असल्यास पंधरा वेळा तपासावे लागेल. त्याऐवजी मधोमध, आठव्या जोडाच्या पलीकडे तपासा. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर कायम ठेवा, लाल टोक तेथे लावा. दिव्याचा स्विच चालू असावा. पूर्ण व्होल्ट मिळाले तर पहिले आठ जोड निर्दोष, दोष पुढच्या आठांत. मग त्या आठांच्या मधोमध. आठ, चार, दोन, एक. चार मोजमापांत दोष हाती येतो. दोनाचा चौथा घात सोळा, हे तुम्ही घातांकांच्या धड्यात शिकलात ते येथे उपयोगी पडते.

एक खूण लक्षात ठेवा. दिव्याच्या परतीच्या टोकाला शून्याच्या जवळचे व्होल्ट असायला हवेत. तेथेच १२ व्होल्ट दिसले आणि दिवा मात्र अंधारात, तर दिवा शाबूत आहे आणि परतीची वाट तुटली आहे. येथे पुष्कळ जण गोंधळतात आणि ‘दोन्ही बाजूंना वीज आहे, तरी पेटत नाही’ अशी तक्रार करतात. दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट आहेत, म्हणूनच तर पेटत नाही!

जमिनीवर बरे, आकाशात आजारी

सर्वांत छळवादी दोष म्हणजे जो दिसेनासा होतो तो. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला २४०० फेरे घेते तेव्हा सेकंदाला ८० स्फोट होतात. तासाला २,८८,००० धक्के! एवढे हेलकावे तारेच्या टोकाला बसतात. नवख्याला वाटते, जोडाला डाख दिला म्हणजे तो पक्का झाला. पण वितळलेले कथील तारेच्या बारीक सरींमधून केशाकर्षणाने वर चढते. जेथपर्यंत ते चढले तेथपर्यंत तार काडीसारखी ताठ, आणि तेथून पुढे मऊ. हेलकाव्यांनी ती नेमकी त्या सीमेवर तुटते. आवरणाच्या आत तुटल्यामुळे बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून विमानात लग योग्य पकडीने दाबून बसवतात आणि तार थोड्याच अंतरावर सांगाड्याला बांधून टाकतात, म्हणजे लगावर हेलकावा येत नाही. डाख द्यायचाच झाला तर तारेला असा आधार देणे अधिकच आवश्यक.

असा दोष शोधताना वाटेत दिवा पेटता ठेवून एक जण तारा हळूहळू हलवतो, दुसरा दिव्याकडे पाहत राहतो. लुकलुकला की थांबायचे. कंटाळवाणे काम आहे, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

बंद म्हणजे जोडलेले

आतापर्यंत तार तुटली की काहीतरी बंद पडत होते. एक तार मात्र उलटी वागते. विमानाच्या बहुतेक जुन्या धर्तीच्या पेट्रोल एंजिनांत ठिणगी बॅटरीवर पडत नाही, मॅग्नेटोवर पडते. मॅग्नेटो म्हणजे फिरत्या चुंबकाने स्वतःच वीज तयार करणारे यंत्र. बॅटरी काढून टाकली तरी एंजिन चालू राहते, म्हणून तर ते वापरतात, आणि एकाऐवजी दोन ठेवतात. त्याला थांबवायचे कसे? त्याची आतली गुंडाळी स्विचमधून सांगाड्याला जोडून. म्हणजे स्विच ‘बंद’ असतो तेव्हा मंडल जोडलेले असते, आणि ‘चालू’ असतो तेव्हा तोडलेले!

आता ही तार तुटली तर? स्विच बंद दाखवेल आणि मॅग्नेटो जिवंत राहील. कोणी सहज म्हणून विमानाचा पंखा हाताने फिरवला आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरलेली असली, तर ठिणगी पडून पंखा एकदम फिरेल. म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला भरलेल्या बंदुकीप्रमाणे वागवतात. जमिनीवर एंजिन चालू असताना वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. वेग किंचित कमी झाला पाहिजे. मुळीच कमी झाला नाही तर खूश व्हायचे नाही, ती तार तपासायची.

फ्यूजविषयी दोन शब्द. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो अशी समजूत आहे. खरे तर तो तारेचे रक्षण करतो. वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घातला की तारच फ्यूज होते. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले आणि २२९ माणसे गेली. चालककक्षाच्या छताजवळच्या तारांत ठिणग्या पडून शेजारच्या आवरणाने पेट घेतला असावा, असा कॅनडाच्या तपासाचा निष्कर्ष होता. अशा उडत्या ठिणग्यांचा सरासरी प्रवाह थोडा असतो आणि साधे फ्यूज त्यांना ओळखत नाहीत. घरातल्या पीव्हीसीच्या तारा विमानात वापरत नाहीत तेही याचसाठी. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो, आणि वैमानिकाला खिडकी उघडून बाहेर येता येत नाही.

वर्गात करून पाहा

विमान नसले तरी चालेल. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, इंडिकेटरचा १० वॉटचा दिवा, एक अँपिअरचा फ्यूज, मल्टिमीटर आणि पेन्सिलीचे शिसे एवढे साहित्य घ्या. फ्यूज बॅटरीच्या धन खांबाला लागूनच ठेवा. शिसे दिव्याच्या परतीच्या वाटेत एकसरीत जोडा. हा आपला गंजलेला जोड. शिशाचा किती भाग वाटेत येतो ते कमीजास्त करून दिवा मंद पण पेटता ठेवा. शिसे तापते, म्हणून त्याला हात लावू नका आणि प्रयोग अर्ध्या मिनिटाहून जास्त चालू ठेवू नका. आधी दिवा काढून होल्डरवरचे व्होल्ट लिहा, मग दिवा लावून तेथलेच लिहा. शेवटी शिशाच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. दुसरा आणि तिसरा आकडा मिळवून बॅटरीचे त्या वेळचे व्होल्ट येतात का, ते ताडून पाहा.

शिक्षकांना एक सूचना. ही जोडणी एका खोक्यात बंद करून फक्त सात-आठ टोके बाहेर काढा, आत एक दोष ठेवा आणि विद्यार्थ्यांच्या टोळ्यांना कमीत कमी मोजमापांत तो शोधायला सांगा. प्रत्येक मोजमापाआधी ‘काय आकडा येईल आणि तो का’ हे वहीत लिहायला लावा. घरातल्या २३० व्होल्टच्या तारांवर मात्र यांतले काहीही करू देऊ नका.